नऊ माळांचा नवरा

डांगे चौकात काल घटाची माती विकायला आलेली बघितली आणि मी चालता चालता थांबलेच. प्लॅस्टिकच्या पिशवीत काळी माती, तिच्यातच कागदाच्या पुडीत सात प्रकारचं धान्य, वर पत्रावळ दुमडून ठेवलेली. सगळं तयार. घरी न्या, पाणी शिंपडा, देवी बसवा. माझी मुलगी नंदा म्हणाली, "आई, या वर्षी आपणही बसवू या की घट." मी म्हटलं, "बघू." माझं 'बघू' म्हणजे 'नाही', हे पन्नाशी उलटलेल्या मुलीला कळायला हवं. पण तिने पिशवी घेतलीच. आता ती पिशवी थेरगावच्या या फ्लॅटमध्ये ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी पडली आहे आणि मी सकाळपासून तिच्याकडे पाठ करून भाजी चिरते आहे.

आश्विन लागला की बाकीच्या बायकांना नऊ रंगांच्या साड्या सुचतात. माझ्या घशाशी आंबट येतं. ऊन तेच असतं, पाऊस उघडल्यावरचं, अंगाला चावणारं. झेंडूचा वास तोच. कुठेतरी मुलींचा भोंडला चाललेला असतो, आणि माझे कान आपोआप रस्त्याकडे लागतात. सायकल सरळ येते आहे की वेडीवाकडी, हे ऐकायला. आता इथे कुठली सायकल आणि कुठला तो रस्ता! पण कानांना कोण सांगणार?

आमचे हे मोठ्या कंपनीत टर्नर होते, लेथ मशीनवर लोखंड कातायचे. बार्शीकडचे. लग्नानंतर वर्षभरातच आम्ही पिंपरीला आलो, रेल्वे फाटकापलीकडे गोदामावशींच्या चाळीत एक खोली घेतली. गोदामावशी मूळच्या इथल्याच. त्यांची शेतं कारखान्यांत गेली होती आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याच्या खोल्या बांधल्या होत्या. त्या सत्तरच्या आसपासच्या दिवसांत चारी दिशांनी माणसं येत होती. सोलापूरची, लातूरची, सातारची, कोकणातली. कंपनीचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जायचा आणि प्रत्येक बाई दारात उभी राहून त्या गर्दीत आपला माणूस हुडकायची. मीही हुडकायची. फरक एवढाच, की माझा माणूस त्या गर्दीबरोबर कधी आलाच नाही.

पहिली पाळी दुपारी सुटायची. कंपनीच्या गेटपासून आमच्या खोलीपर्यंतचा रस्ता सायकलवर फार तर पाव तासाचा. पण वाटेत नदीकाठी हातभट्टीचा अड्डा होता, आणि पुढे पुढे सरकारमान्य देशीचं दुकानही झालं. तो पाव तासाचा रस्ता ह्यांना दिवेलागणीपर्यंत पुरायचा. मारहाण म्हणाल तर नाही. शिवीगाळ तीही नाही. लोकांना हे सांगितलं की म्हणायचे, "मग नशीबवान आहेस बाई तू." हे यायचे, भिंतीला टेकून बसायचे, जेवलं तर जेवायचे, आणि डोळे उघडे ठेवून कुठेतरी निघून जायचे. त्यांच्याशी बोलावं तर समोर कोणी नसायचं. एका खोलीत चार माणसांचा संसार आणि त्यातलं एक माणूस घरात असून बेपत्ता, याला नशीब म्हणायचं असेल तर म्हणा.

मी खोटं बोलायला शिकले. "पित्त झालंय त्यांना." "उन्हाचा त्रास होतो." "ओव्हरटाइम करून दमलेत." मी जुनी मॅट्रिक होते, शाळेत कधी पाटीही चोरली नव्हती. पण कंपनीतून कोणी चौकशीला आलं की माझ्या तोंडून आजार असे भराभर निघायचे की डॉक्टरने ऐकत राहावं. चाळीत सगळ्यांना सगळं माहीत होतं. तरी मी सांगायची आणि तरी ते मान डोलवायचे. हा आमचा सगळ्यांचा मिळून एक रिवाज होता.

आणि मग नवरात्र यायचं.

ह्यांच्या घराण्यात तुळजापूरची भवानी. बापजाद्यांपासून पुरुषाने नवरात्र धरायचं. नऊ दिवस पायात काही घालायचं नाही, गादीवर झोपायचं नाही, दाढी करायची नाही आणि दारूला शिवायचं नाही. असे पुरुष तेव्हा चाळीत आणखीही होते, आजही आहेत. नवरात्र लागलं की देशीच्या दुकानात म्हणे माश्या मारतात. ह्यांचं ठरलेलं असायचं. सर्वपित्री अमावास्येला भरपूर ढोसायची, आपल्या मेलेल्या पितरांच्या वाटणीचीही जणू हेच पिऊन टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावरून गार पाणी ओतून घेऊन म्हणायचे, "नवरात बसलं. आता दसऱ्यापर्यंत शिवायची न्हाई."

आणि खरंच शिवायचे नाहीत. याचाच तर मला राग यायचा. बाकीच्या दिवसांत मी रडले, भांडले, अबोला धरला, नंदाला पुढे केलं, माहेरी जाऊन बसले, तेव्हा काही झालं नाही. आणि एका पत्रावळीवर माती पसरून मधे घट ठेवला की झालं! माझ्या रडण्यापेक्षा त्या मातीत जोर जास्त होता.

कंपनीत अनवाणी चालत नसे. लोखंडाच्या कातरणीत पाय कापला तर जबाबदार कोण? म्हणून हे घरून अनवाणी निघायचे, कंपनीचे जाड बूट नाड्या बांधून गळ्यात अडकवायचे, गेटशी उभे राहून देवीला हात जोडून "तेवढी माफी कर आई" म्हणायचे आणि मग बूट चढवायचे. सुटताना परत गळ्यात. दुपारी त्या सायकलींच्या गर्दीत गळ्यात बूट घालून येणारा माझा माणूस मला लांबून ओळखू यायचा. वर्षातून तेवढे दिवस मीही इतर बायकांसारखी दारात उभी राहायची. चहाचं आधण ठेवून. केसांना तेल लावून. लाज वाटायची, पण उभी राहायची.

पहिली माळ विड्याच्या पानांची. मग तिळाच्या फुलांची, तरवडाची, झेंडूची. हे स्वतः माळा गुंफायचे. टर्नरचे हात ते, केसाएवढा फरक बोटांना कळायचा, माळेतलं एक फूल दुसऱ्यापेक्षा पुढे आलेलं चालायचं नाही. गुंफता गुंफता बोलायचे. किती बोलायचे! बार्शीच्या बाजारातल्या गमती, कंपनीतल्या साहेबाची नक्कल, लहानपणी विहिरीत पडले ती हकीकत. मी पोळ्या लाटताना त्यांच्याकडे बघतच राहायची. "असं काय बघायलीस?" ते विचारायचे. "मी काय पळून चाललोय व्हय?"

हो, मनात म्हणायची मी. दसऱ्याला.

म्हणून मी एक पद्धत पाडली. वर्षभराचा संसार नवरात्रात उरकायचा. कोणाला ऐकून हसू येईल. नंदाच्या शाळेचं विचारायचं, तिसऱ्या माळेला. गळक्या पत्र्याला डांबर लावायचं, रविवार येईल त्या माळेला. धाकट्या मुलाचं, वसंताचं जावळ, माझ्या भावाच्या सोयरिकीची बोलणी, आळंदीला मावशी आजारी तिला बघून येणं, सगळं त्या दिवसांत. श्रावणात ताप आला तरी मी म्हणायची, नवरात्रात सांगू. नंदा कोणाशी भांडून आली तर, "थांब, नवरात्रात बाबांना सांग." पोरीलाही सवय लागली होती. भाद्रपदात ती बोटांवर मोजून गोष्टी पाठ करायची, बाबांना काय काय सांगायचं ते. आमच्या घरात फोटो आहे तोसुद्धा पाचव्या माळेचा. चिंचवडच्या स्टुडिओत काढलेला. सगळ्यांनी नवे कपडे घातलेत, हे मधे खुर्चीवर, दाढी वाढलेली आणि पाय अनवाणी. फोटोवाला म्हणाला होता, "साहेब, चपला घाला ना, मी देतो." हे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पाय दिसू द्या."

नववी माळ म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी कंपनीत मशीनची पूजा. बायकापोरांनाही आत सोडायचे. आम्ही नटूनथटून जायचो. एरवी मशीनच्या आवाजात ज्या शॉपमध्ये बोललेलं ऐकू येत नाही तिथे एकदम शांत. सगळी मशीनं पुसून लखलखीत, त्यांना झेंडूचे हार, कुंकवाची बोटं, समोर नारळ. आमचे हे आपल्या लेथपाशी उभे राहून नंदाला दाखवायचे, हा चक, यात जॉब धरायचा, हे असं फिरतं. हार घातलेल्या त्या यंत्राला हात लावताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला त्या लेथचा हेवा वाटायचा. एका वर्षी त्यांनी पितळेच्या तुकड्यातून माझ्यासाठी कुंकवाचा करंडा कातून काढला होता. झाकण असं बसायचं की हवा जाणार नाही. त्यांच्या सोबतीचे राऊतभाऊ म्हणाले, "वहिनी, असा हात अख्ख्या शॉपमध्ये नाही राव." मी करंडा पदरात बांधून घरी आणला.

पण मशीनची पूजा झाली, लाडू-चिवड्याचे पुडे वाटून झाले, बायकापोरं घरी निघाली, की गडी मागे थांबायचे. वर्षाचा सण. मशीनला नारळ फोडला, मग माणसाला काहीतरी नको का? बाकीचे पुरुष घोटभर घेऊन घरी यायचे. हे नवमीला थोपवून धरायचे, मी बघितलंय, दातओठ खाऊन थोपवायचे. आणि दसऱ्याला घट उठले, आपट्याची पानं वाटली, धानाचे कोंब टोपीत खोवले, की "जरा राऊताकडं सोनं देऊन येतो" म्हणून निघायचे. ते परत यायचे तेव्हा पुन्हा घरात कोणी नसायचं.

मला फक्त दहावा दिवस हवा होता. बाकी माझं देवीकडे काही मागणं नव्हतं. मी म्हणायची, आई, नऊ तुझे, ते मी कधी माझे म्हटले नाहीत. एक माझा दे. एकदा दसरा ओलांडून हा माणूस असा राहिला की पुढचं मी बघते. घटाला पाणी घालताना दर वर्षी हेच. इतकं साधं मागणं कोणी देवाकडे मागितलं नसेल.

पुढे पिणं वाढलं. आधी दुपारी सुटल्यावर होतं ते सकाळी उठल्या उठल्या झालं. कंपनीत जायच्या आधी एक घोट लागायचा, नाहीतर बटणं लागायची नाहीत. मी शर्टाची बटणं लावून द्यायची आणि ते मान वळवून उभे राहायचे. त्या वर्षी भाद्रपदातच मी म्हटलं, "या वर्षी नवरात्र कसं धरणार तुम्ही?" तर डोळे वटारून म्हणाले, "बापानं धरलं, आज्यानं धरलं. मी काय मेलोय?" मला उलट बरंच वाटलं. म्हटलं, एवढं तरी शिल्लक आहे.

पहिली माळ झाली. दुसऱ्या माळेला हाताला कंप सुटला. माळ गुंफता येईना, सुई सारखी बोटात जायची. घामाने सदरा भिजलेला, अन्न बघितलं की ओकारी. मी म्हटलं, उपवासाने झालं असेल. तिसऱ्या माळेला दुपारी आरतीचं ताट हातात धरलं आणि ताट खडखडायला लागलं. मग सगळं अंगच. डोळे मोठे झाले, भिंतीकडे बघून काहीतरी झटकायला लागले, "मुंग्या बघ, मुंग्या चढायल्यात." भिंतीवर काहीएक नव्हतं. नंदा किंचाळली. तिचा आवाज ऐकून गोदामावशी धावत आल्या, दारात थबकल्या, आणि दोन्ही हात कपाळाला लावून ओरडल्या, "आगं बया! आई आली! तुज्या घरात आई आली गं!"

घटासमोर, नवरात्रात, अनवाणी, उपाशी माणूस घुमतो आहे. दुसरं काय म्हणणार कोणी? पाच मिनिटांत खोली बायकांनी भरली. कोणी कपाळभर हळद-कुंकू फासलं. कोणी हार घटावरून काढून ह्यांच्या गळ्यात घातला. कोणी ऊद आणला, धुराने खोली कोंडली, त्यात ते ऊन. मला कोणीतरी बाजूला सारलं. मी म्हणत होते, "अहो, त्यांना बरं नाहीये." गोदामावशी म्हणाल्या, "गप गं. मॅट्रिक झालीस म्हणून काय देवीची परीक्षा घेतीस व्हय?" मग प्रश्न सुरू झाले. एक म्हणाली, "आई, माज्या सुनेला दिवस कदी जातील?" हे थरथरत म्हणाले, "मशीन बंद करा. मशीन बंद करा कोणीतरी." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गोदामावशी गंभीरपणे म्हणाल्या, "पोराला कंपनीतली रातपाळी बंद करू दे म्हंती. मग जातील." आणि त्या बाईने खरंच पदर पसरून नमस्कार केला.

हे आज सांगताना मला हसू येतं. नंदापाशीही मी एकदा हसत हसतच ही आठवण काढली होती. पण त्या दुपारी मी माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत बघत होते, आणि तो माणूस भीतीने वेडा झाला होता. त्याला त्या गर्दीत एकही ओळखीचा चेहरा दिसत नव्हता. माझासुद्धा. त्यांनी मला हाक मारली असती तर मी सगळ्या बायकांना ढकलून दिलं असतं. पण हाक कोणाला मारायची हेच त्यांना आठवत नव्हतं.

मग ते ताठ झाले. दातखीळ बसली, तोंडाला फेस आला, आणि धाडकन कोसळले, घटाच्या शेजारीच. तेव्हा कुठे बायका मागे सरल्या. राऊतभाऊ पाळीवरून येत होते, त्यांनी कोणाचा तरी टेम्पो आणला. कपाळावर हळद-कुंकवाचा थर, गळ्यात झेंडू, असेच आम्ही त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथला डॉक्टर पोरगेलासा होता. त्याने कुंकू पुसलं, जीभ बघितली, डोळे बघितले आणि मला विचारलं, "किती वर्षं पितात?" मी माझ्या आजारांच्या यादीत हात घातला होता, पण बाहेर काही आलंच नाही. म्हटलं, "पुष्कळ." "आणि एकदम बंद कोणी केली?" मी म्हटलं, "देवीनं." तो हसला नाही. खुर्ची ओढून बसला आणि मला समजावून सांगितलं. म्हणाला, "बाई, यांच्या शरीराला आता तिची इतकी सवय झालीय की एकदम तोडली तर असे झटके येणार. यातच माणूस जातो. सोडवायची असेल तर इथे ठेवून, औषधं देऊन. घरच्या घरी असं बंद करू नका." मी विचारलं, "म्हणजे नवरात्रात प्यायची?" तो म्हणाला, "मला नवरात्राचं माहीत नाही. जिवाचं सांगतो."

दसरा दवाखान्यातच उजाडला. दहावा दिवस. ह्यांच्या पोटात दारूचा थेंब नव्हता. चादरीच्या पट्ट्यांनी हात खाटेला बांधलेले, नाहीतर ते सुया उपटून काढायचे. ओठ कोरडे पडून फुटले होते. मी आपट्याचं पान त्यांच्या उशाशी ठेवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी अदबीने विचारलं, "बाई, तुमचं कोण हाय इथं?" मी म्हटलं, "आहेत एक." इतकी वर्षं मागितलेला दिवस मला मिळाला तो असा. मी व्हरांड्यात जाऊन पदर तोंडात कोंबला आणि रडले. देवीला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी आल्यावर पंधरवडाभर बरे होते. मग राऊतांकडे दिवाळीचा फराळ द्यायला म्हणून गेले. कंपनीने त्यांना लेथवरून काढून भांडारात बसवलं. हात कापतो त्या माणसाला मशीनवर कोण उभं करणार? कंपनीचं चुकलं असं मी म्हणत नाही. पुढच्या खंडेनवमीला आम्हाला न्यायला त्यांच्याकडे मशीनच उरलं नव्हतं.

नंदा अजून म्हणते, "आई, बाबा नवरात्रात काय छान असायचे गं!" तिच्या आठवणीत तेवढेच दिवस राहिले आहेत. माळा, आळंदी, स्टुडिओ, गळ्यातले बूट. बाकीचं सगळं तिने कुठे पुरून टाकलं कोण जाणे. पुढे एका माघात, कुठलाही सणवार नसताना, हे गेले, तेव्हाही ती पाचव्या माळेचा तो फोटो छातीशी धरून बसली होती. मी तिला काही सांगत नाही. तिला बाप हवा होता, तिला तो मिळाला. पण दवाखान्यानंतरच्या वर्षीच्या नवरात्राचं तिला माहीत नाही. तेव्हा ती आणि वसंता सकाळच्या शाळेत असायचे.

त्या वर्षी सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी गार पाणी डोक्यावर घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "नवरात बसलं. आता..." माझ्याकडे बघत उभे राहिले. त्यांना मरायची भीती वाटत होती आणि सांगायची लाज. मी म्हटलं, "दवाखान्यात चला." तर म्हणाले, "आईच्या दिवसांत दवाखान्यात न्हाई मी. घट टाकून कुठं जाऊ?" मी घट बसवला. माती पसरली, धान्य पेरलं, पाणी शिंपडलं, विड्याच्या पानांची माळ बांधली. दिवा लावला. मग पदर डोक्यावरून घेऊन देशीच्या दुकानात गेले.

दुकान ओस होतं. मालक पेपर वाचत बसला होता. मला बघून उठून उभाच राहिला. "वहिनी, तुम्ही? आज?" मी म्हटलं, "हो, आज." त्याने बाटली कागदात गुंडाळून दिली आणि सकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून माझे पैसे सवयीने कपाळाला लावले.

आमची एकच खोली. घटाकडे पाठ करून बसावं म्हटलं तर पाठ करायला जागा नव्हती. हे भिंतीला टेकून बसले होते, हात मांडीखाली दाबून धरलेले, तरी सगळं अंग हलत होतं. पेला तोंडाशी नेईपर्यंत निम्मी सांडली. दारूच्या त्या वासात झेंडूचा वास मिसळला. आणखी सांडायला नको म्हणून मी देवापुढची पळी घेतली. दुसरं लहान काही हाताशी नव्हतंच. एक हात त्यांच्या हनुवटीखाली धरला आणि पळीने पाजायला लागले, बाळाला पाजतात तशी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नवरात हाय गं," म्हणाले. मी म्हटलं, "प्या." त्यांनी घोट घेतला. आणि जन्माची सवय, पळीतून काही पोटात गेलं की होते ती, त्यांचा थरथरता हात आपोआप वर गेला आणि त्यांनी तो डोक्यावरून फिरवला. तीर्थ घेतल्यावर फिरवतात तसा. मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. मी पळी पुन्हा भरली.

असे नऊही दिवस, ह्यांनी कंपनीत रजाच टाकली होती. सकाळी माळ बांधायची, मग पळी. दुपारी आरती, पोरांना खेळायला पिटाळायचं, मग पळी. गोष्टी नाहीत, नकला नाहीत, पत्र्याचं डांबर नाही. ते डोळे उघडे ठेवून निघून जायचे आणि आता मीच त्यांना रोज वेशीपर्यंत पोचवून येत होते. नवरात्रात माझा नवरा घरी येतो, हा माझा एवढासा गर्व होता. तोही मी माझ्याच हाताने, मोजून मोजून, संपवला.

मी देवीच्या कोपाची वाट बघत होते. दिवा विझेल, घट तडकेल, धान्य कुजेल, काहीतरी होईल. दसऱ्याला घट उठवले तर धान हातभर आलेलं. दाट, पोपटी, सरळ. इतक्या वर्षांत तसं कधी आलं नव्हतं. गोदामावशी दारातून बघतच राहिल्या. "लई झ्याक आलंय गं औंदा. आई पावली बघ तुला," म्हणाल्या. ह्यांनी दोन कोंब टोपीत खोवले आणि हसून माझ्याकडे बघितलं. मी उरलेलं धान मुळासकट उपटलं, ओच्यात घेतलं आणि नदीवर सोडायला गेले. वाटेत माझ्या मनात एकच होतं. कोपली असती तरी चाललं असतं. निदान तिने बघितलं, एवढं तरी मला म्हणता आलं असतं.